सात दिवस, एक शीड आणि कंबरभर पाण्याचा शोध

विंडसर्फिंगचा (शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यात जायचं) दोन दिवसांचा कोर्स करून मला वर्ष झालं होतं. त्यानंतर अधूनमधून चार-पाच वेळा काय ते पाण्यात गेले असेन, पण ते वेड काही डोक्यातून जाईना, म्हणून या वेळी सुट्टीसाठी समुद्रकिनाराच हवा असा हट्ट धरला आणि नवराही तयार झाला. त्याला पाण्यात उतरायचं नव्हतं, किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन बसायला आवडेल म्हणाला, आणि ती दुर्बीण पुढे किती उपयोगी पडली ते येईलच.

आधी मला काय येतं ते सांगते. पाण्यात पडलेलं शीड दोरीने ओढून उभं करता येतं, आडवा वारा घेऊन सरळ जाता येतं, मास्टच्या (शीड ज्यावर चढवतात त्या उभ्या खांबाच्या) पुढून छोटी छोटी पावलं टाकत बोर्ड वळवता येतो (याला टॅक म्हणतात). जाइब म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून वळणं, ते येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोंडाच्या वाऱ्यावर तिरकं चढत जाणं तेव्हा जेमतेम जमायचं, म्हणजे दहा मिनिटं इकडून तिकडे केलं की जिथून निघाले त्याच्या बरीच वाऱ्याखाली, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, घसरलेली असायचे. शिकाऊ माणसासाठी जागा शोधायची तर सगळा हिशेब या एका गोष्टीभोवती फिरतो, पण हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

किनाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण नावापेक्षा त्याचा आकार महत्त्वाचा आहे. तोंड पश्चिमेला, समोर लांबच लांब उघडी वाळू, उत्तरेला एक टेकडी आणि तिच्या पायथ्याशी नदीचं मुख, दक्षिणेला वाळूचा लांब दांडा आणि त्याच्या मागे अडकलेलं पाणी. असा किनारा जगात कुठेही सापडेल. बोर्ड आठवडाभरासाठी भाड्याने घेतला होता, २०५ लिटरचा, चांगला रुंद, मध्ये पाण्यात खाली सोडायचं पातं म्हणजे डॅगरबोर्ड असलेला, आणि शीड साडेचार चौरस मीटरचं.

दिवस पहिला

दुपारी पोचलो आणि सामान टाकून तीन वाजता थेट समोरच्या किनाऱ्यावर. वारा समुद्राकडून सरळ तोंडावर येत होता, साधारण १२ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर, म्हणजे २२ किलोमीटरच्या आसपास). मला वाटलं झकास, वारा किनाऱ्याकडेच ढकलतोय म्हणजे वाहून जायची भीती नाही. ते खरंच आहे, पण अर्धंच. असा सरळ आत येणारा वारा लाटाही सोबत घेऊन येतो आणि त्या लाटा फुटतात नेमक्या मांडीभर पाण्यात, म्हणजे जिथे उभं राहून बोर्डवर चढायचं तिथेच. पहिल्या लाटेने बोर्ड आडवा केला, दुसरीने शीड पाण्याखाली दाबलं, तिसरीने मास्टचं टोक वाळूत रुतवलं आणि बोर्ड त्यावर आदळला. मास्ट मोडायला एवढं पुरतं. शिवाय आत जायचं म्हणजे बरोब्बर वाऱ्याच्या तोंडावर जायचं, आणि तेच तर मला येत नव्हतं.

पाऊण तास झटापट केली, तीन लाटांच्या पलीकडे एकदाही गेले नाही. बाहेर येऊन बघितलं तर मास्ट जिथे बोर्डला जोडतो तिथला रबराचा सांधा वाळूने भरलेला, पिन दाबली तरी सुटेना, पाण्याची बाटली ओतून ओतून दहा मिनिटांनी सुटली. त्यानंतर आठवडाभर फुटत्या लाटांच्या पाण्यात तो सांधा एकदाही जोडला नाही की सोडला नाही.

दिवस दुसरा

या दिवसाबद्दल सविस्तर लिहितेय, कारण माझ्यासारखं कोणी असेल तर त्याने हे नक्की वाचावं.

सकाळी सात वाजता गॅलरीतून बघितलं तर समुद्र तळ्यासारखा. एक लाट नाही, पाण्यावर नुसत्या बारीक सुरकुत्या, आणि त्या सुरकुत्या किनाऱ्यापासून दूर पळतायत. काल लाटांनी मारलं आणि आज हे असं पाणी, मला राहवलंच नाही. नवऱ्याला उठवलं, साडेसातला पाण्यात. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तोच हा मतलई वारा. मार्क मिळवले होते त्या प्रश्नाला. पण पुस्तकातली आकृती आणि डोळ्यासमोरचं गुळगुळीत पाणी यांचा संबंध काही जुळला नाही.

पाणी गुळगुळीत का होतं? लाट तयार व्हायला वाऱ्याला पाण्यावरून लांबपर्यंत धावावं लागतं, आणि जमिनीकडून आलेला वारा किनाऱ्यालगत नुकताच पाण्यावर उतरलेला असतो. म्हणजे पाणी सपाट दिसतंय ते वारा कमी आहे म्हणून नाही, दिशा उलटी आहे म्हणून. आणि किनाऱ्याजवळ घरं-झाडं वारा अडवतात, त्यामुळे पहिली शंभर-दीडशे मीटर अगदी हलका वारा, शिकाऊ माणसाला हवा तसा. त्याच्या पुढे आडोसा संपतो आणि वारा एकदम अंगावर येतो.

मी मस्त निघाले. शीड पहिल्या झटक्यात उभं राहिलं, बोर्ड सरसर चालला, मागे वळून नवऱ्याला हातही केला. टॅक करून परत फिरले, पुन्हा वळले, तिसऱ्यांदा परत येताना लक्षात आलं की किनाऱ्यावरचा लाल छत्रीचा ठिपका मगाशी समोर होता तो आता लांब गेलाय. बोर्डचं नाक किनाऱ्याकडे धरायला गेले की शिडातला वारा निघून जायचा आणि मी पाठीवर पाण्यात. पुन्हा चढायचं, दोरी ओढायची, आणि ही सगळी खटपट चालू असताना बोर्ड आपला समुद्राकडे सरकतोच आहे. असं चार वेळा झालं. हात थरथरायला लागले, आणि मग एका क्षणी आजूबाजूला बघितलं तर पाण्याचा रंग बदललेला, खालची वाळू दिसत नव्हती.

कोर्समध्ये शिकवलेलं एक वाक्य तेवढं डोक्यात पक्कं होतं, काही झालं तरी बोर्ड सोडायचा नाही. माणूस कितीही चांगला पोहणारा असो, लांबून डोकं दिसत नाही, बोर्ड दिसतो आणि तो बुडत नाही. मग शीड बोर्डच्या मागच्या भागावर आडवं ओढून घेतलं, बूम (शीड हातात धरायची आडवी दांडी) पाण्याला लागू दिला नाही, त्यावर पोट टेकवून पालथी झोपले आणि दोन्ही हातांनी पाणी मारायला लागले. सरळ किनाऱ्याकडे नाही, थोडं तिरकं. किती वेळ मारत होते ते मला तेव्हा कळलं नाही, नवऱ्याने नंतर सांगितलं पन्नास मिनिटं. शेवटची पंधरा-वीस मिनिटं सोपं गेलं कारण ऊन चढलं तसा मतलई वारा मंदावला, हे माझं कर्तृत्व नाही, सूर्याचं.

किनाऱ्याला लागले ती जवळजवळ एक किलोमीटर दक्षिणेला. नवरा धावत आला, त्याने दुर्बिणीतून मला पालथं झालेलं बघितलं होतं आणि एका होडीवाल्याला तयारही केलं होतं, ते मशीन सुरू करायच्याच बेतात होते. तो काही ओरडला नाही. टॉवेल दिला आणि एवढंच म्हणाला, "अगं, मला खूण काय करायची तेच ठरवलेलं नव्हतं आपण. तू मजेत आहेस की अडकलीस हे मला कसं कळणार?" बरोबर होतं त्याचं. मदतीची खूण मला माहीत होती, दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करायचे, समुद्रावर सगळीकडे ही खूण चालते. मी ती त्याला सांगितलेलीच नव्हती.

दिवस तिसरा

दंड उचलत नव्हते, त्यामुळे पाण्यात जायचं नाही असं ठरलं आणि आम्ही दोघं दिवसभर नुसते जागा बघत फिरलो. माझ्या मते सगळ्या सुट्टीतला सगळ्यात कामाचा दिवस हाच.

आधी फोनवर वरून घेतलेला फोटो काढून किनारा नीट बघितला. फिकट रंग म्हणजे उथळ, गडद म्हणजे खोल किंवा खडक-गवत, पांढरी रेघ म्हणजे जिथे लाटा फुटतात. मग वाऱ्याच्या अंदाजाचं ॲप उघडलं, त्यात दिवसभर ५-६ नॉट दाखवत होतं आणि बाहेर दुपारी सरळसरळ १२ वाहत होते. याचं कारण असं की जगभराचा अंदाज देणाऱ्या जीएफएससारख्या मॉडेलमध्ये एक चौकट साधारण १३ किलोमीटरची असते, त्यात आपली टेकडी, आपली खाडी, आपला खारा वारा नीट मावतच नाही. म्हणून आकडा बघायचा पण किनाऱ्यावर जाऊन डोळ्यांनी पडताळायचा. एका काठीला रिबिनीचा तुकडा बांधून घेतला होता, प्रत्येक जागी काठी वाळूत रोवायची आणि दहा मिनिटं बघत बसायचं. रिबीन एका दिशेला स्थिर असेल तर वारा सरळ, गरगर फिरत असेल तर तिथे काहीतरी वारा अडवतंय.

उत्तरेच्या नदीच्या मुखाशी गेलो. लाटा नाहीत, पाणी शांत, मला फार आवडली जागा. पण रिबीन एक मिनिट लोंबायची आणि दुसऱ्या मिनिटाला फटकारा मारायची, टेकडीवरून वारा गोळे होऊन पडत होता. आणि पाण्यात टाकलेली काटकी बघता बघता समुद्राच्या दिशेने गेली. ओहोटीला नदीचं पाणी आणि आत शिरलेलं भरतीचं पाणी दोन्ही एकदम बाहेर पडतं, त्यात शिकाऊ माणूस म्हणजे तीच काटकी. नाही.

जेट्टीजवळ आडोसा होता पण होड्यांचा रस्ता, आणि पाण्याखाली नांगराचे दोर. नाही. पुढे खडकांची छोटी खाडी, वाऱ्याखालच्या बाजूला शिंपल्यांनी भरलेले खडक, म्हणजे घसरत घसरत जाऊन आदळणार तिथेच. ही तर बघताक्षणी नाही. दुसऱ्या दिवसानंतर माझा पहिला प्रश्न बदलला होता. पाणी कसं आहे, वारा किती आहे हे सगळं नंतर, आधी हे की मला काहीच जमलं नाही, शीड हातातून सुटलं, तर वारा मला नेऊन कुठे सोडेल? तिथे वाळू असेल, उभं राहता येईल, चालत परत येता येईल तर जागा विचारात घ्यायची, नाहीतर कितीही सुंदर असो.

संध्याकाळी दांड्याशी पोचलो. तिथे जाळं दुरुस्त करत एक काका बसले होते, त्यांना विचारलं, काका, या मागच्या पाण्यात खोल किती आहे. ते हसले, म्हणाले, "कधी? सकाळी विचाराल तर एक सांगीन, संध्याकाळी विचाराल तर दुसरं." मग त्यांनी हाताने छातीवर एक रेघ दाखवली आणि मग घोट्यावर एक. मी तेव्हा ते ऐकलं, पण पुरतं मनावर घेतलं नाही.

जागा मात्र काय होती म्हणून सांगू. दांडा उत्तर-दक्षिण पसरलेला, समुद्राच्या लाटा त्याच्या बाहेर फुटतायत आणि आत साताठशे मीटर लांब, दोनेकशे मीटर रुंद सपाट पाणी. दांड्यावर झाड नाही, घर नाही, नुसती बुटकी वाळू, त्यामुळे खारा वारा न अडखळता वरून येतो, रिबीन अगदी ताठ. वारा दांड्याकडून जमिनीच्या काठाकडे, म्हणजे उत्तर-दक्षिण जायचं तर आडवा वारा मिळणार आणि काही चुकलं तर वाऱ्याने ढकलत आणून वाळूच्या काठाला लावणार. एकच खोट, दक्षिणेच्या टोकाला दांडा तुटलेला, तिथून पाणी समुद्रात जातं. नवऱ्याने दुर्बीण लावून ते तोंड बराच वेळ बघितलं आणि म्हणाला त्या बाजूच्या शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तू जायचं नाहीस, मी तिथे काठी रोवतो. रोवलीसुद्धा.

कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावरचा लाक बे विंडसर्फिंग करणाऱ्यांमध्ये शिकण्यासाठी इतका नावाजलेला का, हे मला तेव्हा कळलं. बाहेर प्रवाळाची भिंत लाटा अडवते, आत कंबरभर पाणी, आणि व्यापारी वारे बारमाही. भिंत प्रवाळाची असो की वाळूची, काम एकच.

दिवस चौथा

जागा मिळाली या आनंदात वेळ बघायची राहिली. भरती सकाळी ११.४० ला होती, आम्ही तीन वाजता पोचलो कारण त्या वेळी वारा छान असतो एवढंच डोक्यात. सुरुवातीला मांडीभर पाणी होतं. वीस मिनिटं झाली असतील, बोर्ड चांगला वेगात होता, आणि एकदम खालून करकरर आवाज आला, फिन (बोर्डच्या मागे खालून असलेलं पातं) वाळूला लागली, बोर्ड जागच्या जागी थांबला आणि मी मात्र थांबले नाही. शिडासकट पुढे फेकले गेले. हेल्मेट होतं, बूम कानाशेजारून गेला. उठून उभी राहिले तर पाणी गुडघ्याच्या खाली.

रात्री बसून भरतीचा हिशेब समजून घेतला, तो असा आहे. भरती ते ओहोटी साधारण सहा तास, पण पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे मी पाण्यात उतरले ती तिसऱ्या-चौथ्या तासाच्या सांध्यावर, जेव्हा पाणी सगळ्यात भराभर पळत असतं. काकांनी छातीवर आणि घोट्यावर दाखवलेल्या दोन रेघा आठवल्या. आणि दुसरी गोष्ट, भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे उद्या साडेबारा, परवा एक वीस, तेरवा दोन दहा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा चढ-उतार मोठा, अष्टमीच्या आसपास भांग असते तेव्हा लहान. तारखा बघून आधीच सुट्टी ठरवता आली असती तर बरं झालं असतं असं वाटलं. कारण चांगला वारा आणि भरपूर पाणी या दोन्ही गोष्टी दुपारी एकत्र येतील असे दिवस पंधरवड्यात मोजकेच मिळतात.

दिवस पाचवा

बारा वाजता पाण्यात. भरती साडेबाराची, म्हणजे अडीचपर्यंत तीनच भाग उतरणार, मला पुरेसं. खारा वारा नुकताच सुरू झालेला, ८ नॉट असेल, दांड्यापलीकडे समुद्रावर पांढरे ठिपके अजून उठलेले नव्हते. ते उठायला लागले की १० ते १२ नॉट झाले असं धरायचं, हा माझा नेहमीचा अंदाज.

पाणी छातीपर्यंत. बोर्ड आडवा ठेवला, वाऱ्याकडे पाठ, गुडघ्यांवर चढले, मग उभी. दोरी हातात घेतली आणि घाई केली नाही. शीड पाण्यात पडलेलं असतं तेव्हा त्यावर पाणी साचतं आणि ते जडच्या जड होतं, कंबरेने ओढलं तर पाठ जाते. दोरी ताणून नुसतं मागे झुकून थांबायचं, आपल्या वजनाने. हळूहळू कापडाची कड वर येते, खालून हवा शिरते, पाणी चर्र करत सगळं एका कडेने ओघळून जातं आणि दोन सेकंदात तेच शीड हलकं होऊन हातात येतं. तो पाणी सांडतानाचा आवाज मला फार आवडतो. मग पुढचा हात बूमवर, मास्ट अंगाजवळ, मागचा हात हलकेच आत, आणि बोर्ड निघतो.

अडीच तास मी फक्त इकडून तिकडे गेले. पडले किती वेळा ते मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी पाय वाळूला टेकायचे, आणि पाय टेकतात म्हटल्यावर माणूस वेगळंच वागतो. हात सैल होतात, नजर शिडावरून उठून समोर जाते. आधीच्या दिवसांत मी बूम इतका घट्ट धरत होते की बोटं रात्री मिटत नव्हती. इथे तासाभराने लक्षात आलं की दोन बोटांच्या धरण्यावर शीड उभं राहतंय. मग मास्ट थोडा मागे कलवला की बोर्डचं नाक वाऱ्याकडे वळतं, पुढे कलवला की वाऱ्यापासून दूर जातं, हे कोर्समध्ये शंभरदा ऐकलेलं त्या दिवशी पायांना कळलं. डॅगरबोर्ड पूर्ण खाली सोडून, मास्ट मागे, नजर वाऱ्याच्या दिशेला काठावरच्या एका खुणेवर, आणि बोर्ड खरंच थोडा थोडा वर चढायला लागला.

मध्ये एकदा सगळं शांत झालं, बोर्डखाली पाण्याचा बारीक खळखळाट आणि दांड्यापलीकडे लाटांचा लांबून येणारा गंभीर आवाज, दोन्ही एकाच वेळी ऐकू येत होते.

सव्वादोनला नवऱ्याने ठरल्याप्रमाणे टॉवेल फिरवला. वारा वायव्येकडे वळायला लागला होता (उत्तर गोलार्धात खारा वारा दुपारभर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सरकत जातो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे), म्हणजे आता घसरण झाली असती दक्षिणेच्या त्या तोंडाकडे, आणि पाणीही तिकडेच उतरू लागणार. निघवत नव्हतं. तरी निघाले.

दिवस सहावा

गेले नाही. सकाळपासूनच १८ नॉट आणि मधूनच जोराचे झटके, समुद्रभर पांढरा फेस. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, १० नॉटचे १४ झाले तरी शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, आणि १० चे २० झाले तर चौपट. लहान शीड बांधून बघावं का असा विचार आला होता, पण वारा एकसारखा नव्हता आणि झटक्यांवर शिकण्यासारखं काही नसतं.

समोरच्या किनाऱ्यावर मात्र चार-पाच जण आले होते, छोटे बोर्ड, कंबरेला हार्नेस (शिडाची ओढ अंगावर घ्यायचा पट्टा). पहिल्या दिवशी मला तीन लाटांपुढे जाऊ न देणारं तेच पाणी, आणि ते लोक त्याच लाटांवरून उड्या मारत होते. मी तीन तास बघत बसले. इटलीतल्या गार्डा तलावावर पहाटेपासून उत्तरेचा पेलेर वाहतो आणि दुपारनंतर दक्षिणेचा ओरा. ग्रीसमध्ये वासिलिकीला सकाळी शिकणाऱ्यांचा मंद वारा आणि दुपारी डोंगरावरून जोरदार, त्याला तिथले लोक एरिक म्हणतात. एकाच पाण्यावर तासागणिक माणसं बदलतात. विंडसर्फिंग म्हटलं की आपल्याला हवाईतल्या होओकिपाच्या घराएवढ्या लाटा आठवतात, पण न्यूमन डार्बीने १९६४ मध्ये शिडाचा बोर्ड बनवला तो पेनसिल्व्हेनियात, समुद्रापासून लांब, गोड्या पाण्यावर. ते मला नेहमी फार बरं वाटतं.

दिवस सातवा

संध्याकाळी निघायचं होतं. भरती दोन दहाची, वारा परत नेहमीसारखा. पाऊण वाजता पाण्यात उतरले आणि ठरवलं होतं एकच गोष्ट करायची, जिथून निघाले तिथेच परत यायचं. नवऱ्याने रिबिनीची काठी उत्तरेच्या बाजूला काठावर रोवली.

पहिले दोन फेरे काठीच्या खाली चाळीस-पन्नास पावलं लागले, चालत बोर्ड ओढत वर आणला. मग अडीचच्या सुमारास वारा वायव्येचा झाला, म्हणजे आता काठीकडे यायचं तर खरंच वाऱ्यावर चढावं लागणार. पाणी अजून भरलेलं, ओढ नाही, म्हणून थांबले. दांड्याकडे एक तिरका फेरा, तिथे टॅक, पावलं मोजत, एक दोन तीन चार, शीड दुसऱ्या बाजूला भरलं, जमिनीकडे तिरका फेरा, पुन्हा टॅक. तिसऱ्या वळणाला पडले, उठले. नवरा दुर्बीण खाली ठेवून उभा राहिलेला दिसला. पाचव्या फेऱ्याला काठी आधी उजवीकडे दिसत होती ती हळूहळू नाकासमोर आली.

फिन वाळूला लागायच्या आत उडी मारली, बोर्डचं नाक धरलं आणि काठीकडे बघितलं. काठी वाऱ्याखालच्या बाजूला होती. चार पावलं, मी मोजली, मग त्याने मोजली. मी काठीच्याही वर येऊन लागले होते.